आखातातले थकलेले कर्ज आणि गावी आलेले वसुलीवाले : कर्जदाराने काय करावे

खेड, चिपळूण, म्हसळा, श्रीवर्धन या तालुक्यांतून माणसे पिढ्यान्‌पिढ्या आखातात नोकरीला जातात. त्यांतली काही जण नोकरी सुटल्यावर बँकेचे कर्ज किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी तिकडेच ठेवून घाईघाईने परततात. पुढे तीन, पाच, कधी दहा वर्षांनी फोन सुरू होतात. बोलणारा मुंबईतल्या किंवा दिल्लीतल्या एखाद्या एजन्सीचा असतो, बोलणे हिंदीतून असते आणि पहिल्या दोन मिनिटांतच पोलीस, पासपोर्ट आणि इंटरपोल हे तिन्ही शब्द येऊन जातात. हा लेख संयुक्त अरब अमिरातीतील, म्हणजे दुबई, अबुधाबी, शारजा आदी अमिरातींमधील बँकांच्या कर्जापुरता आहे, कारण कोकणातून वकिलाकडे येणारी बहुतेक प्रकरणे तिथलीच असतात आणि २०२० पासून त्या देशाच्या बाबतीत आपल्याकडील कायद्याची स्थिती बदललेली आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करावी. फोन करणाऱ्या माणसाला तुमच्याविरुद्ध कोणताही अधिकार नसतो. जो अधिकार असतो तो न्यायालयाला असतो, आणि न्यायालय फोनवरून बोलत नाही. त्यामुळे फोनला घाबरून पैसे भरणे जसे चुकीचे, तसेच फोन बोगस निघाला म्हणून नंतर आलेला खरा कागदही फेकून देणे चुकीचे. प्रत्यक्षात लोक बहुधा उलटे वागतात. फोनवर रात्री-अपरात्री विनवण्या करतात, आणि न्यायालयाचा बेलिफ समन्स घेऊन आला की घराला कुलूप लावून मामाच्या गावी जातात.

आलेला कागद आधी नीट वाचा

खेड तालुक्यातील एका गृहस्थांनी मोबाइलवर आलेली एक "नोटीस" छापून आणली होती. कागदाच्या डोक्यावर डावीकडे अशोकस्तंभ आणि उजवीकडे अमिरातीचा ससाणा अशी दोन्ही बोधचिन्हे शेजारी शेजारी होती. पृथ्वीच्या पाठीवर असे एकही न्यायालय नाही जे या दोन्ही मुद्रा एकाच कागदावर वापरील. खाली भारतीय दंड संहितेचे कलम ४२० लावलेले होते. नोटिशीची तारीख मात्र १ जुलै २०२४ नंतरची, म्हणजे ती संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता लागू झाल्यानंतरची होती. प्रकरणाचा क्रमांक नव्हता, न्यायाधीशाचे नाव नव्हते, कर्जखात्याचा क्रमांक नव्हता. रक्कम दिरहममध्ये न देता रुपयांत, तीही पूर्ण लाखांत दिलेली होती. "४८ तासांत अटक" असे तांबड्या अक्षरांत लिहून त्याखाली पैसे भरण्यासाठी एक यूपीआय आयडी दिलेला होता. परदेशी बँक थकबाकी कोणा व्यक्तीच्या यूपीआयवर मागत नाही, हे एवढे एकच वाक्य त्या गृहस्थांना आदल्या आठवड्यात कोणी सांगितले असते, तर त्यांचे वीस हजार रुपये वाचले असते.

खरा कागद कसा येतो, हेही माहीत असावे. भारत आणि अमिराती यांच्यात दिवाणी व व्यापारी बाबींतील न्यायिक सहकार्याचा करार १९९९ मध्ये झालेला आहे. त्यानुसार तिकडच्या न्यायालयाचे समन्स आपल्या केंद्र सरकारच्या विधी मंत्रालयामार्फत तुमच्या जिल्ह्यातील न्यायालयाकडे येते आणि बेलिफ ते घेऊन घरी येतो. असे समन्स घ्यावे, सही करून घ्यावे, आणि सहीखाली तारीख टाकावी. ते नाकारल्याने प्रकरण थांबत नाही. दारावर चिकटवूनही बजावणी होते.

यात एक बारकावा आहे. अमिरातीतील न्यायालये अलीकडे ईमेल आणि मोबाइल संदेशाद्वारेही नोटीस पाठवतात आणि तिथल्या कायद्याने ती ग्राह्य असते. त्यामुळे मोबाइलवर आले म्हणजे खोटेच, असे समजून चालत नाही. संदेशात प्रकरणाचा क्रमांक आणि वर्ष दिलेले असेल, तर त्यातील दुव्यावर न जाता त्या न्यायालयाचे अधिकृत संकेतस्थळ स्वतः शोधून तो क्रमांक तिथे पडताळून पाहावा, किंवा तिकडच्या वकिलाकडून पडताळून घ्यावा.

पहिले उत्तर फोनवर देऊ नका

फोन आला तर बोलणाऱ्याचे नाव, एजन्सीचे नाव व पत्ता, कोणत्या बँकेच्या वतीने बोलत आहे ते, आणि कर्जखात्याचा क्रमांक एवढेच विचारून लिहून घ्यावे. "मला लेखी पाठवा" एवढे सांगून फोन ठेवावा. वाद घालू नये, गयावया करू नये आणि "हो, पुढच्या महिन्यात थोडे भरतो" असे तर मुळीच म्हणू नये. त्याचे कारण मुदतीच्या कायद्यात आहे.

मुदत अधिनियम, १९६३ प्रमाणे उसनवारीचा किंवा करारभंगाचा दावा साधारणतः तीन वर्षांत लावावा लागतो. कर्ज परदेशात घेतलेले असले, तरी भारतात दावा लावायचा तर हीच मुदत लागू होते. पण मुदत संपण्यापूर्वी कर्जदाराने सहीनिशी लेखी कबुली दिली, किंवा थोडी का होईना रक्कम भरली आणि त्याची त्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीने नोंद राहिली, तर त्या दिवसापासून तीन वर्षे नव्याने मोजली जातात. मुदत पूर्ण संपलेली असली, तरी "मी ही रक्कम देईन" असे सहीनिशी लिहून दिलेले वचन करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे नवा करार ठरते आणि मेलेले कर्ज पुन्हा जिवंत होते. वसुलीवाले "निदान दोन हजार तरी भरा, तुमची नियत दिसू द्या" म्हणतात, त्यातली नियत ही आहे. ईमेल किंवा व्हॉट्सॲपवरील मजकूर कबुली ठरतो का, यावर वकील वाद घालतील. आपण तो वाद उत्पन्नच होऊ देऊ नये.

मात्र तीन वर्षे झाली म्हणून कोणी निर्धास्त होऊ नये. त्याच अधिनियमाच्या कलम १५ मध्ये असे आहे की प्रतिवादी जितका काळ भारताबाहेर होता, तितका काळ मुदत मोजताना वगळला जातो. कर्ज थकल्यावर जो माणूस आणखी चार वर्षे मस्कत किंवा दोहा येथे नोकरी करून मग गावी आला, त्याची ती चार वर्षे हिशेबात धरली जात नाहीत. पासपोर्टवरील येण्याजाण्याचे शिक्के म्हणूनच जपून ठेवावेत. जुना पासपोर्ट रद्द झाला तरी फेकू नये.

लेखी काय मागावे

एजन्सीचे पत्र किंवा ईमेल आल्यावर एकदाच, मुद्देसूद उत्तर द्यावे. त्यात बँकेने त्या एजन्सीला दिलेले अधिकारपत्र, मूळ कर्जकरार, मुद्दल, व्याज व दंड वेगळे दाखवणारा खातेउतारा, आणि एखाद्या न्यायालयाचा निवाडा झालेला असल्यास त्याची प्रमाणित प्रत, एवढ्या गोष्टी मागाव्यात. कर्ज दुसऱ्या कंपनीला विकले गेले असेल, तर त्या हस्तांतरणाचा दस्तही मागावा. पत्राचा मसुदा साधारण असा असावा : "आपण उल्लेख केलेल्या खात्यासंबंधी माझ्याकडे कागदपत्रे नाहीत. सोबत मागितलेली कागदपत्रे मिळाल्यावर मी उत्तर देईन. हे पत्र कोणत्याही देण्याची कबुली नाही व ते माझ्या सर्व हक्कांना बाधा न येता दिलेले आहे. यापुढील संपर्क केवळ लेखी करावा. माझे नातेवाईक, शेजारी अथवा मालक यांच्याशी संपर्क करू नये." पत्र इंग्रजीत पाठवायचे असेल तर वकिलाकडून तपासून घ्यावे, पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावे आणि पावती फाइलला लावावी.

याच पत्राची एक प्रत बँकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर दिलेल्या तक्रार विभागाच्या ईमेलवर पाठवावी. एजन्सी खरी आहे का, हे बँकेकडूनच कळते. कर्जाबरोबर विमा काढलेला होता का, हेही तेव्हाच विचारावे. पगारावर दिलेल्या कित्येक कर्जांना मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाचे, क्वचित नोकरी गेल्याचेही, विमासंरक्षण असते, आणि हप्त्यातून त्याचा प्रीमियम कापला जात होता याची घरच्यांना कल्पनाही नसते.

खातेउतारा आल्यावर त्यात नोकरी सुटताना मिळालेली ग्रॅच्युइटी आणि शेवटचा पगार जमा धरलेला आहे का ते पाहावे. मालकाने ती रक्कम थेट खात्यात पाठवली आणि बँकेने ती गोठवली, असे नेहमी होते. ती मुद्दलातून वजा न होता नुसती पडून राहिलेली असेल, तर पुढच्या सगळ्या व्याजाचा हिशेबच बदलतो.

रकमेच्या बाबतीत दिरहमचा दरही लक्षात घ्यावा लागतो. दिरहम १९९७ पासून अमेरिकी डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, त्यामुळे रुपया डॉलरपुढे घसरला की दिरहमपुढेही घसरतो. २०१० च्या सुमारास दिरहम बारा-साडेबारा रुपयांना होता. २०२४ अखेर तो तेवीस रुपयांवर गेला. साठ हजार दिरहमचे मुद्दल तेव्हा सव्वासात लाखांच्या आसपास होते, ते एका पैशाचेही व्याज न धरता चौदा लाखांच्या घरात गेले. तडजोड करायची हे मनाशी ठरलेलेच असेल, तर ती पुढे ढकलण्यात फायदा नाही, असे माझे मत या आकड्यांमुळे झालेले आहे.

धमक्यांपैकी कोणती खरी, कोणती पोकळ

इंटरपोलची धमकी सर्वांत जास्त ऐकू येते आणि ती जवळजवळ नेहमीच पोकळ असते. रेड नोटीस ही गंभीर फौजदारी गुन्ह्यांसाठी असते, आणि खासगी वादातून उद्भवलेल्या प्रकरणांत ती काढता येत नाही, असे इंटरपोलचे स्वतःचे नियम सांगतात. थकलेला हप्ता हा खासगी वाद आहे. लुकआउट नोटिशीचेही, म्हणजे माणसाला विमानतळावर अडवण्याच्या सूचनेचेही, तसेच. भारतातील सरकारी बँकांच्या प्रमुखांना अशी विनंती करण्याचा जो अधिकार देण्यात आला होता, तोही मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये रद्दबातल ठरवला; मग दुबईच्या बँकेने नेमलेल्या एजन्सीची गोष्टच सोडा. सिबिल खराब करू, या धमकीचा पडताळा स्वतः घ्यावा : प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ज्या बँकेची भारतात शाखाच नाही, तिच्या कर्जाची नोंद त्यात सहसा सापडत नाही.

तिकडे परत गेल्यास अडकाल, ही धमकी मात्र खरी असू शकते. अमिरातीत कर्ज देताना बँका सहीचा कोरा चेक तारण म्हणून घेत असत आणि हप्ते थकले की पूर्ण रक्कम भरून तो वटवायला टाकत असत. तो परत गेला की पोलीस केस होत असे. २ जानेवारी २०२२ पासून तिथला कायदा बदलला. केवळ शिल्लक अपुरी म्हणून परत गेलेला चेक आता सरसकट फौजदारी गुन्हा राहिलेला नाही. परंतु त्याच बदलाने चेकला थेट अंमलबजावणीयोग्य दस्ताचे बळ दिले, म्हणजे धनकोला दावा न लावता तो चेक घेऊन सरळ अंमलबजावणी न्यायाधीशाकडे जाता येते. शिवाय देणे दहा हजार दिरहम किंवा अधिक असेल, तर धनको न्यायालयाकडून प्रवासबंदी मागू शकतो. जुन्या काळी कर्जदाराच्या गैरहजेरीत झालेल्या शिक्षा आपोआप पुसल्या गेल्या असे धरून चालू नये. नवी नोकरी, मुलाचे लग्न किंवा नुसते दुबईत विमान बदलणे, यांपैकी कशासाठीही जाण्यापूर्वी तिकडच्या वकिलाकडून आपल्या नावावर केस किंवा प्रवासबंदी आहे का, याची खातरजमा करून घ्यावी. दुबई पोलिसांची आणि अबुधाबी न्याय विभागाची यासाठी ऑनलाइन सोय आहे, पण एका अमिरातीत काही निघाले नाही म्हणजे दुसरीतही नाही, असा अर्थ काढू नये. आखाती सहकार्य परिषदेच्या देशांत एकमेकांचे निवाडे अमलात आणण्याचा करार असल्याने कुवेत किंवा सौदीला नोकरी धरणाऱ्यानेही ही चौकशी टाळू नये.

बायको, वडील, भाऊ यांच्याकडून वसूल करू, ही धमकी कायद्याने खोटी आहे. जामीनदार म्हणून ज्याने सही केलेली नाही, त्याच्यावर देणे येत नाही. कर्जदार वारला तर वारसांची जबाबदारी त्यांच्या वाट्याला आलेल्या मालमत्तेपुरतीच असते.

भारतीय न्यायालयापर्यंत प्रकरण आले तर

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खाली केंद्र सरकार काही देशांना परस्परव्यवहारी प्रदेश, म्हणजे ज्यांचे निवाडे इथे थेट अमलात आणता येतात असे देश, म्हणून अधिसूचित करते. ब्रिटन, सिंगापूर, हाँगकाँग, न्यूझीलंड हे त्या यादीत पूर्वीपासून आहेत, अमेरिका नाही. अमिरातीचा समावेश १७ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने झाला. त्यापूर्वी दुबईच्या बँकेला तिथला निवाडा हातात असूनही इथे नव्याने दावा लावावा लागत असे, आणि बहुतेक बँका त्या भानगडीत पडत नसत. आता बँक निवाड्याची प्रमाणित प्रत आणि किती वसुली बाकी आहे याचा त्या न्यायालयाचा दाखला घेऊन सरळ जिल्हा न्यायालयात दरखास्त, म्हणजे निवाड्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करू शकते, जणू तो हुकूमनामा (न्यायालयाचा अंतिम आदेश) त्याच जिल्हा न्यायालयाने केलेला आहे. हे कागदावरचेच कलम नाही. इंग्लंडच्या न्यायालयाने केलेल्या खर्चाच्या हुकुमाची अशीच दरखास्त नाशिकच्या जिल्हा न्यायालयात दाखल झाली होती आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन शेवटी धनकोच्या बाजूने लागले.

दरखास्त दाखल झाली म्हणजे दुसऱ्या दिवशी जप्ती येते असे नाही. कलम ४४-अ खालील दरखास्तीत आधी कर्जदाराला कारणे दाखवा नोटीस काढावी लागते, असे संहितेच्या आदेश २१, नियम २२ मध्ये स्पष्ट आहे. नोटीस न काढताच पुढे जायचे तर न्यायालयाला तशी कारणे नोंदवावी लागतात. त्या नोटिशीच्या तारखेला वकीलपत्र दाखल करून लेखी हरकत द्यावी. या सगळ्या मार्गात कर्जदाराच्या दृष्टीने हाच दिवस सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि हाच दिवस चुकवला जातो.

हरकती कलम १३ मध्ये दिलेल्या आहेत. परदेशी न्यायालयाला अधिकारक्षेत्र नव्हते, निवाडा प्रकरणाच्या गुणदोषांवर दिलेला नाही, नैसर्गिक न्याय पाळला गेला नाही, निवाडा लबाडीने मिळवला, आंतरराष्ट्रीय कायद्याचा अथवा लागू असलेल्या भारतीय कायद्याचा अनादर झाला, किंवा मागणीच भारतातील एखाद्या कायद्याच्या भंगावर उभी आहे, असे ते सहा मुद्दे आहेत. बँककर्जाच्या प्रकरणात अधिकारक्षेत्राचा मुद्दा सहसा टिकत नाही, कारण करारावर सही करतानाच तुम्ही तिथल्या न्यायालयांना मान्यता दिलेली असते. खरा जोर असतो तो नैसर्गिक न्याय आणि गुणदोष या दोन मुद्द्यांत. समन्स बारा वर्षांपूर्वी सोडलेल्या शारजातल्या खोलीच्या पत्त्यावर पाठवलेले असेल, तर ते दाखवावे. तुम्ही त्या तारखेपूर्वीच देश सोडला होता हे पासपोर्टवरील शिक्क्याने सिद्ध होते. निवाडा एकतर्फी असेल, तर न्यायालयाने पुरावा पाहिला होता का, हे निवाड्याच्या मजकुरातून शोधावे. पुरावा न तपासता केवळ प्रतिवादी आला नाही म्हणून दिलेला निवाडा गुणदोषांवरचा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये इंटरनॅशनल वूलन मिल्सच्या प्रकरणात सांगितले आहे. पण निवाडा एकतर्फी आहे एवढ्यानेच तो रद्द होतो, हा गैरसमज आहे. न्यायालयाने खातेउतारा, करार पाहून कारणे दिलेली असतील तर तो टिकतो. केवळ चेकवरून निघालेल्या अंमलबजावणी आदेशाला मुळात हुकूमनामा म्हणता येईल का, हाही मुद्दा हरकतीत घ्यावा. अरबी निवाड्याचे अधिकृत भाषांतर मागावे. त्यात आपले नाव, पासपोर्ट क्रमांक आणि रक्कम जुळते का ते ओळीने ओळ पाहावे. एकसारख्या नावांमुळे भलत्याच माणसावर दरखास्त येणे अशक्य नाही.

मुदतीचा प्रश्न इथेही आहे. परदेशी हुकूमनाम्याची अंमलबजावणी त्या देशात ज्या मुदतीत करता आली असती तीच मुदत इथे पाहायची, आणि धनकोने तिकडे अंमलबजावणी सुरू करूनही पूर्ण वसुली झाली नाही तर ती कार्यवाही संपल्यापासून तीन वर्षांत इकडे यायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये बँक ऑफ बडोदा विरुद्ध कोटक महिंद्रा बँक या निकालात ठरवून दिले. निवाड्याची तारीख म्हणूनच सर्वांत आधी वाचावी.

हरकत फेटाळली गेली तरी काय जप्त होते आणि काय नाही, हे कलम ६० मध्ये ठरलेले आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची अवजारे, शेतकऱ्याचे राहते घर, सरकारी पेन्शन आणि भविष्यनिर्वाह निधी यांना हात लावता येत नाही. पगाराचे पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश मोकळे राहतात. म्हणजे एकतीस हजार पगारातून दरमहा फार तर दहा हजार जप्त होतात, आणि एकाच हुकूमनाम्यापोटी तेही एकूण चोवीस महिनेच. जो शेतकरी नाही त्याचे स्वतःच्या नावावरचे घर किंवा फ्लॅट मात्र सुरक्षित नसतो. सातबाऱ्यावर चुलत्यांसकट दहा नावे असतील, तर जप्ती फक्त कर्जदाराच्या अविभक्त हिश्श्यावर येते, आणि बाकीचे हिस्सेदार आदेश २१, नियम ५८ खाली हरकत घेऊ शकतात. पैसे नाहीत म्हणून कोणाला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही. ऐपत असूनही दडवणाऱ्यालाच तो लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालय १९८० मध्येच म्हणून गेले आहे. रकमेच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करताच येत नाही.

नोटीस आल्यावर घाईने घर भावाच्या किंवा पत्नीच्या नावे बक्षीसपत्राने करून देणारे पुष्कळ भेटतात. हे करू नये. धनकोला चुकवण्यासाठी केलेले असे हस्तांतरण रद्द करून मिळते, आणि त्याहून वाईट म्हणजे ऐपत दडवल्याचा पुरावा तुम्हीच नोंदणी कार्यालयात जाऊन तयार करून ठेवता. ज्या कर्जदाराला अटकेची भीती मुळीच नव्हती, त्याला ती भीती त्या बक्षीसपत्राने निर्माण होते.

त्रास होत असेल तर तक्रार

रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे वसुली एजंटाने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नसतो. हा नियम रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालील संस्थांना बांधतो. कर्ज एखाद्या भारतीय बँकेच्या तिकडच्या शाखेचे असेल किंवा त्या परदेशी बँकेची भारतात शाखा असेल, तर बँकेच्या इथल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवण्याचा उपयोग होतो. नाहीतर फौजदारी कायद्याचाच आधार घ्यावा लागतो, आणि तो पुरेसा आहे. धाकदपटशासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३५१, धमकी देऊन पैसे उकळण्यासाठी ३०८, आणि पोलीस किंवा न्यायालयीन अधिकारी असल्याची बतावणी करण्यासाठी कलम २०४ आहे. तक्रार अर्जात तारीखवार कॉल, नंबर आणि नेमके शब्द लिहावेत; "मला त्रास देतात" एवढ्यावर ठाणे अंमलदार अदखलपात्र नोंद करून मोकळा होतो. रेकॉर्डिंग मूळ मोबाइलमध्येच ठेवावे, कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र देताना ते कोणत्या उपकरणातले आहे हे सांगावे लागते. पैसे आधीच गेले असतील तर त्याच तासाला १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे. ठाण्यात दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे, हा क्रम आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट लागत नाही.

तडजोड करायची झाल्यास

देणे खरे आहे आणि फेडण्याची ऐपत आहे, अशा माणसाने बँकेशी थेट बोलावे. तिकडे पुन्हा जायचे असेल तर दुसरा मार्गही नाही. पहिला प्रस्ताव आपल्या हक्कांना बाधा न येता असे लिहूनच द्यावा. बँकेने लेटरहेडवर, खाते क्रमांकासह, किती रक्कम किती तारखेपर्यंत भरल्यास संपूर्ण व अंतिम तडजोड मानली जाईल हे लिहून दिल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये. त्या पत्रात तीन गोष्टी नावानिशी असाव्यात : तारणाचा चेक परत करणे, पोलीस केस व न्यायालयीन अंमलबजावणी मागे घेणे, आणि प्रवासबंदी उठवण्यासाठी बँकेने स्वतः अर्ज करणे. पैसे एजंटाच्या हाती, हवालामार्गे किंवा दुबईतल्या मित्राच्या मित्रामार्फत देऊ नयेत. बँकेच्या नावे असलेल्या खात्यातच, आपल्या इथल्या अधिकृत बँकेमार्फत, कर्जाची व तडजोडीची कागदपत्रे दाखवून पाठवावेत. तिकडे वकील नेमायचा असेल, तर कुलमुखत्यारपत्र आधी नोटरीकडे, मग परराष्ट्र मंत्रालयाकडे आणि शेवटी अमिरातीच्या वकिलातीकडे साक्षांकित करून घ्यावे लागते, आणि त्यात काही आठवडे जातात.

पैसे पोहोचल्यावर बँकेकडून देणे-नाही दाखला घ्यावा, पण त्यावर थांबू नये. बँकेने दाखला दिला आणि केस मागे घ्यायला विसरली, अशी प्रकरणे होतात, व विमानतळावरच्या अधिकाऱ्यासमोर बँकेचा कागद चालत नाही, त्याच्या संगणकावरची नोंद चालते. म्हणून न्यायालयाचा केस बंद केल्याचा आणि प्रवासबंदी उठवल्याचा आदेश वेगळा मागून घ्यावा, त्याची अरबी प्रत आणि भाषांतर दोन्ही ठेवावे, आणि तिकीट काढण्यापूर्वी तिकडच्या वकिलाकडून नोंद खरोखर निघाली आहे का, ते पुन्हा एकदा पाहून घ्यावे.